डावीकडच्या गाठी

सरोजिनी नगर, लखनौ
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय यशू,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. हात आता पूर्वीसारखा सरळ चालत नाही. पत्ता जुनाच लिहिला आहे. माय गेल्यावरही तू पुलगावचं घर सोडलं नाहीस, एवढं कानावर आलं होतं.

इकडे सर्व ठीक आहे. सवयीनं लिहून गेले. पुढे वाचशील तेव्हा कळेलच.

राजरत्न बँकेत आहे, सूनबाई प्रिया शाळेत शिकवते. नात प्राची नववीत गेली. तिला आपली मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. मी लिहायला बसले तर म्हणाली, "दादी, चिट्ठी? किसको लिख रही हो?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला. तर म्हणते, "आपकी बहन भी है?" तिचा काय दोष. पंचवीस वर्षांत या घरात तुझं नाव निघालंच नाही.

हे एअरपोर्टमधून रिटायर होऊन सात वर्षं झाली. सगळी नोकरी रनवेच्या दिव्यांवर गेली, त्यामुळे अजूनही विमानाचा आवाज आला की गच्चीकडे बघतात आणि "पटनावाली आज लेट है" म्हणतात. तब्येत चांगली आहे त्यांची. शुगर थोडी आहे.

माझी तेवढी बरी नाही. राखीच्या सुमारास खोकला सुरू झाला. आधी कानपूर रोडवरच्या डॉक्टरचं सिरप घेतलं, मग दुसऱ्याचं. दिवाळीच्या आधी थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा राजरत्नने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला गाठ आहे. कॅन्सरची आहे. मी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, पण डॉक्टर म्हणाल्या, तसंही होतं.

फोन का केला नाही असं म्हणशील. दोन वाक्यं बोलले की खोकल्याची उबळ येते. शिवाय हे सारखे जवळ बसलेले असतात. कागदावर बरं पडतं.

ऑपरेशन होण्यासारखं नाही. सिकाई करायची आहे, म्हणजे रेडिएशन. इथले सगळे सिकाईच म्हणतात. आमच्या डॉक्टरीणबाई रिझवी म्हणून आहेत, जुन्या लखनौच्या. फार सावकाश, समजावून बोलतात. त्यांनी कॉम्प्युटरवर माझी छाती दाखवली. उजवीकडे गाठ पेटल्यासारखी चमकत होती. तिच्याशिवाय श्वासनळीच्या उजव्या बाजूला दोन लहान गाठी, नळी जिथं दुभंगते तिथं मधोमध एक, आणि डावीकडे दोन, जरा फिकट. बाई म्हणाल्या, ह्या लहान गाठी प्रत्येकाच्या छातीत असतात. कॅन्सर आधी त्यांच्यात पसरतो. त्यातल्या कोणकोणत्या गाठींवर किरण सोडायचे, हे ठरवणं सगळ्यात अवघड. आजारी गाठ सुटली तर आजार तिथूनच पुन्हा उठतो. आणि निरोगी गाठ उगाच धरली तर तिच्यामागचं चांगलं फुप्फुस भाजून निघतं.

उजवीकडच्या गाठी आजारी आहेत हे ठरलं. तोंडातून दुर्बीण घालून सुईनं नमुना घेतला, त्यात निघालं. मधल्या गाठीत काही निघालं नाही. डावीकडच्या घ्यायला गेले तर माझा ऑक्सिजन उतरला, नळी काढावी लागली. सुईत नुसतं रक्त आलं होतं.

सगळं अडलं आहे ते डावीकडच्या दोन गाठींवर. त्यात कॅन्सर असेल तर दोन्ही बाजूंनी किरण द्यावे लागतील, आणि माझ्या फुप्फुसांत तेवढा जोर नाही. मग पूर्ण डोस देता येणार नाही. बरं करायचा विचार सोडून नुसता त्रास कमी करायचा, असं बाईंनी ह्यांना आणि राजरत्नला सांगितलं. मी समोरच बसले होते. त्यांनी मला बाहेर पाठवलं नाही, हे मला आवडलं.

मग म्हणाल्या, ह्या डाव्या गाठी जुन्या टीबीच्याही असू शकतात. टीबी बरा झाला तरी त्या वर्षानुवर्षं अशा चमकतात. "माताजी, आपको कभी टीबी हुआ था? बचपन में, जवानी में?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "इनको नहीं, मैडम. इनकी छोटी बहन को हुआ था."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आप साथ रहती थीं?" मी हो म्हटलं. "और आपको ख़ुद?"

यशू, मी मान हलवली. नाही म्हटलं.

पुढच्या गुरुवारी सगळे डॉक्टर मिळून बसणार आहेत आणि माझं काय करायचं ते ठरवणार आहेत. वर्ध्याच्या दवाखान्याचं ते कार्ड तुझ्याकडे असेल तर पाठवशील का? मायच्या पेटीत कापडात गुंडाळलेलं असायचं. बाकी तुला माहीतच आहे. ते कागदावर नको.

नाही पाठवलंस तरी मी काय म्हणणार? म्हणायला मला तोंड नाही.

तब्येतीला जप. अंगणवाडीत अजून जातेस का?

तुझी ताई


सरोजिनी नगर, लखनौ
८ डिसेंबर २०२४

प्रिय यशू,

जयभीम. तुझं रजिस्टर मंगळवारी २६ तारखेला पोचलं. परवा सहा डिसेंबरला विहारात जाता आलं नाही. घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि बसून राहिले. तेव्हाच ठरवलं की मागच्या पत्रात जे कागदावर नको म्हटलं होतं, ते आता लिहायचं.

पोस्टमनकडून पाकीट ह्यांनीच घेतलं. दुसऱ्याचं पाकीट हे उघडत नाहीत, माझ्या हातात दिलं. त्यात कार्ड होतं आणि तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ. "कार्ड पाठवत आहे. नाव नीट वाचून घे."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठले आणि कार्ड ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हे व्हरांड्यात उन्हाला बसून मेथी निवडत होते. हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं. आणि काय म्हणाले माहीत आहे? "ह्यात त्यांनी नाव चुकवलं की. यशोधराचं पाहिजे होतं ना?"

चाळीस वर्षं झाली लग्नाला. डोळ्यांसमोर माझं नाव, वय, गाव लिहिलेलं असूनही ह्यांना वाटलं की कारकुनाचीच चूक झाली असेल.

मी म्हटलं, "नाव बरोबर आहे. मलाच झाला होता."

ह्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं. मागं इंजेक्शनांच्या तारखा आहेत ना, नव्वद. त्या बघत राहिले. मी बोलत गेले. मध्ये खोकला आला तेव्हा ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्यांना काय सांगितलं ते तुलाही कळू दे. तू सगळं स्वतः पाहिलेलं आहेस, पण माझ्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाहीस.

एक्याऐंशी साली मी सतरा वर्षांची होते. मला वर्ध्याला भरती केलं, आणि मायला शेतावरच्या कामातून सुट्टी नव्हती म्हणून तुला माझ्याजवळ ठेवलं. तू पंधरा वर्षांची. दोन महिने तू वॉर्डाच्या बाहेर स्टोव्हवर माझ्यासाठी भात शिजवलास, माझं थुंकीचं भांडं धुतलंस. तुझं नववीचं वर्ष गेलं ते गेलंच. गावात कुजबुज झाली की गणवीरांच्या एका पोरीला टीबी आहे. दोघीही गावात नव्हतो, त्यामुळे कोणती ते कोणाला नक्की माहीत नव्हतं.

मग चौऱ्याऐंशीत हे मला बघायला आले. ह्यांच्या आत्याबाईंनी चटईवर बसल्या बसल्या विचारलं, "तुमच्या एका पोरीला छातीचा आजार होता म्हणे?" बा म्हणाले, "ती धाकटी."

तू तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चटईकडे पाहिलं.

नंतर माय म्हणाली होती, दोन वर्षांत लोक विसरतील. लोक विसरले नाहीत. तुला दोन स्थळं आली आणि दोन्ही दारातून परत गेली. तिसरं कोणी आलं नाही. मी इथं सरकारी क्वार्टरमध्ये संसार करत होते, आणि मायचं पत्र आलं की त्यातलं तुझ्याबद्दलचं वाक्य वगळून ह्यांना वाचून दाखवायचे.

आणि नव्व्याण्णव साल. राजरत्न बारा वर्षांचा होता. तू पंधरा दिवसांसाठी आली होतीस आणि दोन दिवसांत परत गेलीस. ह्यांनी तुझं ताट आणि पेला वेगळा ठेवला होता. दुष्टाव्यानं नाही, घरात लेकरू होतं म्हणून. मी त्या पेल्यात तुला चहा दिला. यशू, टीबी होऊन गेलेल्या बाईच्या हातचा चहा, टीबी न झालेल्या बाईला, वेगळ्या पेल्यात. तू चहा पिऊन पेला विसळून ठेवलास आणि स्टेशनची रिक्षा बोलावलीस. मी अडवलं नाही. अडवलं असतं तर बोलावं लागलं असतं.

हे सगळं ह्यांना सांगून झालं. हे म्हणाले, "त्या बाईचं ताट मी वेगळं ठेवलं." एवढंच. मग कार्ड प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. मॅडम चारपर्यंत बसतात."

रिझवीबाईंनी कार्ड दिव्याखाली धरून वाचलं. त्यात लिहिलं आहे, एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंच्या गाठी वाढलेल्या, डावीकडे जास्त. बाईंनी ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "पहले क्यों नहीं बताया, माताजी?"

मी म्हटलं, "शादी में झूठ बोला था."

मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मेरे कमरे में रोज़ कोई न कोई कुछ छुपाकर आता है. कोई बीड़ी, कोई टीबी. आपने बता तो दिया." मग सगळं सांगितलं. नुसत्या कार्डावर त्या डावी बाजू सोडणार नव्हत्या, कारण टीबीच्या जुन्या गाठीतही कॅन्सर शिरू शकतो. पण आता दुसऱ्यांदा सुई घालायला कारण मिळालं होतं. कार्ड नसतं तर एवढ्या अशक्त बाईला पुन्हा तो त्रास दिला नसता, डाव्या गाठी आजारीच धरल्या असत्या.

तीन तारखेला भूल देऊन पुन्हा दुर्बीण घातली. पाच तारखेला रिपोर्ट आला. डावीकडच्या दोन्ही गाठींत जुन्या टीबीच्या खुणा निघाल्या. कॅन्सरची एकही पेशी नाही. टीबीही आता जिवंत नाही, तीही तपासणी केली.

तेव्हा ठरलं. उजवीकडची मोठी गाठ आणि तिच्या शेजारच्या दोन गाठी, ह्यांच्यावर सिकाई. डावीकडच्या सोडायच्या. मधल्या गाठीचा प्रश्न राहिला. तिच्यात दोन्ही वेळा सुईला काहीच सापडलं नाही, तरी ती चमकते आहे. बाई म्हणाल्या, हिला मी घेणार.

हे इतके दिवस हॉस्पिटलात तोंड मिटून असायचे. त्या दिवशी विचारलं, "मैडम, सुई तो बाईं तरफ़ भी चूक सकती है. उसको छोड़ रही हैं, इसको क्यों नहीं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "बाईं वाली क्यों चमक रही है, इसकी वजह मुझे मिल गई. बीच वाली की वजह नहीं मिली. और वो बीमार गिल्टी के बिल्कुल बग़ल में है." गाठीला त्या गिल्टी म्हणतात.

ह्यांना पटलं. घरी येताना मेट्रोत मला म्हणाले, रनवेवर एखादा दिवा लागत नसेल तर आधी कारण शोधायचं. कारण सापडेपर्यंत दिवा बिघडलेलाच समजायचा.

दहा-बारा दिवसांत ते माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं लांब वाक्य. तोवर औषध, जेवण, ऑटो एवढंच चाललं होतं. काल दुपारी मात्र विचारलं, "मला सांगितलं असतं तर मी लग्न मोडलं असतं, असं वाटलं तुला?"

मी हो म्हटलं.

मग म्हणाले, "मोडलंही असतं कदाचित. आत्याने बसू दिलं नसतं. मला खरंच माहीत नाही." ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. पण खोटं बोलले नाहीत.

राजरत्न आणि प्रियालाही सांगितलं. प्राची शेजारीच बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "तो मौसी-दादी ने उसी वक़्त बोला क्यों नहीं?"

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. एवढंच कळवते की या घरात आता सगळ्यांना माहीत आहे.

२३ तारखेपासून सिकाई सुरू. छातीवर तीन बारीक ठिपके गोंदले आहेत, मशीन रोज तिथंच लागावं म्हणून.

तुझी
द्रौपदी


सरोजिनी नगर, लखनौ
२० एप्रिल २०२५

प्रिय यशू,

सप्रेम जयभीम.

तुझं जानेवारीतलं पत्र मला मशीनच्या खोलीबाहेर बसले असताना मिळालं. राजरत्न घरून घेऊन आला होता. तिथंच वाचलं. उत्तराला उशीर झाला. आधी हातात जोर नव्हता, आणि नंतर, खरं सांगायचं तर, धीर नव्हता.

आधी तब्येतीचं लिहिते, तू विचारलं आहेस म्हणून. तीस सिकाया झाल्या, शनिवार-रविवार सोडून रोज. दर सोमवारी हातातून केमोची बाटली. अन्ननलिका छातीत मधोमधच असते, आणि ती मधली गाठ धरल्यामुळे किरण तिलाही लागायचे. तिसऱ्या आठवड्यापासून घोट गिळला की आतून निखारा उतरल्यासारखं व्हायचं. एक दिवस मी बाईंना म्हटलं, ती मधली सोडून द्या आता, नाही सहन होत. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वही तो नहीं छोड़ सकती." गिळण्याआधी घ्यायचं एक औषध दिलं. हे रोज पातळ खिचडी करून ती पंख्याखाली थंड करायचे आणि चमच्याचमच्यानं भरवायचे. ह्यांना चहाही करता येत नव्हता, तुला माहीत आहे. सहा किलो वजन उतरलं. दम मात्र फार लागला नाही. डावं फुप्फुस वाचलं, बाई म्हणाल्या.

गेल्या मंगळवारी स्कॅनचा निकाल कळला. मोठी गाठ आकसून निम्म्याहून कमी झाली. उजवीकडच्या दोन जवळजवळ दिसत नाहीत. मधलीही बारीक झाली. म्हणजे तिच्यात काहीतरी होतं की नव्हतं, हे आता कधीच कळणार नाही. बाई म्हणाल्या, न कळलेलंच बरं. डाव्या दोघी होत्या तशाच आहेत. बरी झाले असं त्या म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी बघायचं. "अभी अच्छा है, माताजी," म्हणाल्या. मी एवढ्यावर खूश आहे.

आता तुझ्या पत्राचं.

प्राचीच्या प्रश्नाला तू उत्तर लिहिलंस. ते मी तिला मराठीतच वाचून दाखवलं. "मी बोलले असते तर त्या दिवशी ताईचं लग्न मोडलं असतं आणि बा सगळ्यांसमोर खोटे पडले असते. मला वाटलं होतं, ताई नंतर सांगेल." एवढं ऐकून ती उठून गेली. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "दादी, आपने बहुत गंदा काम किया." प्रिया तिला रागावायला लागली, मी रागावू दिलं नाही. या घरात माझ्या तोंडावर हे म्हणणारी ती एकटीच. त्याच संध्याकाळी तिनं मला मराठी बाराखडी लिहून द्यायला सांगितली. तुला पत्र लिहायचं आहे म्हणते. चुका भरपूर असतील, सांभाळून घे.

तू लिहिलंस की माझा राग करून करून तू थकली आहेस, आणि मी मरावं असं तुला कधी वाटलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "तू लखनौत सांगितलंस. मी राहते पुलगावात." त्या वाक्यानं मला तीन महिने झोप लागू दिली नाही. मी इथं चार माणसांना सांगून छाती हलकी करून घेतली. ज्या गावात तुझ्या हातचं पाणी प्यायला बाया कचरत होत्या, अंगणवाडीत तू लागलीस तेव्हा तीन आयांनी लेकरं काढून नेली होती, त्या गावात मी काहीच बोललेले नाही. तिथं अजून बाचंच वाक्य चालू आहे.

बाईंना विचारलं, पुलगावला जाऊ का? त्या म्हणाल्या, या उन्हाळ्यात प्रवास नाही, पावसाळ्यानंतर बघू. तेवढं थांबायचं नाही असं मी ठरवलं. तोवर मी असेन का, हा विचारही त्यात आहे.

मी ह्यांना म्हटलं, मी लिहून देते, कोणीतरी नेऊन वाचावं. हे म्हणाले, "कोणीतरी कशाला? मी जातो." मी म्हटलं, लोक तुम्हालाही बोलतील. म्हणाले, "बोलू दे. ताट मी वेगळं ठेवलं होतं."

तर बारा मे रोजी बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे जमतात, तेव्हा हे येतील आणि खाली लिहिलेला कागद उभे राहून वाचतील. तू हो म्हणालीस तरच. ते तुझ्या घरी उतरणार नाहीत, धर्मशाळेत राहतील. तुला विहारात यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. आता हे नको, असं वाटत असेल तर तसं कळव. मी त्यावर शब्द काढणार नाही. आणि हा कागद तुझ्याकडेच राहू दे. पुढे कधी कोणाला दाखवावासा वाटला तर दाखव.

मसुदा मी तीनदा लिहिला. पहिल्या दोन वेळी त्यात बाचं नाव जास्त आणि माझं कमी येत होतं. ते फाडले.

हा शेवटचा.

"मी, द्रौपदी बाबूराव मेश्राम, माहेरची द्रौपदी तुकाराम गणवीर, राहणार सरोजिनी नगर, लखनौ, लिहून देते की सन १९८१ मध्ये क्षयरोग मला झाला होता. माझी धाकटी बहीण यशोधरा तुकाराम गणवीर हिला तो कधीही झाला नाही. ती दोन महिने वर्ध्याच्या दवाखान्यात माझी सेवा करायला राहिली होती. सन १९८४ मध्ये माझ्या लग्नाच्या बोलण्यात माझ्यासमोर तो आजार तिच्या नावावर घातला गेला. मला खरं माहीत होतं. मी गप्प बसले, आणि त्यानंतर चाळीस वर्षं गप्प राहिले. तिचं जे नुकसान झालं ते माझ्या गप्प बसण्यानं झालं. हे मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिलं आहे. पुलगावातल्या ज्यांनी तेव्हा ते ऐकलं, त्यांनी हे ऐकावं. जे आता नाहीत, त्यांच्या लेकरांनी ऐकावं."

सही केली आहे. साक्षीदार म्हणून ह्यांनीही खाली सही केली आहे, तारखेसह. त्यांना तुझ्यासाठी वेगळ्या दोन ओळी लिहायच्या होत्या. पेन घेऊन बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, समोर गेल्यावर बोलेन.

तुझ्या हो किंवा नाहीची वाट बघते.

यशोधरेची बहीण,
द्रौपदी